मावळातला नदीकाठ आणि चार चाकांची गाडी



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे बोलावणे आले तेव्हा माझी समजूत अशी झाली की, मला कंत्राटी पद्धतीवर नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलायचे असणार. त्या विषयांवर मी झोपेतून उठूनही दोन तास बोलेन. पण चिटणीस म्हणाले, "ते तुम्ही गेट मीटिंगला बोलताच. आम्हांला तुमच्या त्या गुरुवारच्या भटकंतीबद्दल सांगा." माझे शिक्षण बेताचे, शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रपाळी आणि सकाळची सभा यांच्या मधल्या वेळात. तेव्हा माझ्या बोलण्यात ग्रंथांचे आधार थोडे आणि गुडघाभर चिखलात उभे राहून कळलेल्या गोष्टी जास्त असतील. त्या गोड मानून घ्याव्यात.

गुरुवारचे कारण सांगतो. आमच्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बायकोला कामावर जायचे, मुलांना शाळा, आणि आम्ही घरी! सुरुवातीला या सुट्टीचा फार राग यायचा. मग ध्यानात आले की, गुरुवारी नदी रिकामी असते. रविवारी जी गर्दी लोणावळ्याला लोटते, तिचा त्या दिवशी मागमूसही नसतो.

आणि गाडीचे कारण असे की, मी अकरा वर्षे गिअरचे दात तपासले. चारही चाके ओढणाऱ्या गाडीच्या पोटात एक जादा पेटी असते. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या आसाला वाटून द्यायचे काम ती करते. तिचे दात माझ्या हाताखालून हजारांनी गेले, पण ते दात चिखलात काय करतात हे मी कधी पाहिले नव्हते. कामगाराची ही नेहमीची गोष्ट आहे. तो वस्तू घडवतो, आणि तिचा उपभोग कोणी तिसराच घेतो. आमच्यातल्या एकाने स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतून एक जुनी जीप घेतली, तेव्हा प्रथम मला माझे काम चालताना दिसले. त्याचे नाव सांगत नाही, 'जीपवाला' म्हणू. या जीपवाल्याची गोष्ट पुढे यायची आहे.

जीप ही मूळची लढाईतली गाडी. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकेत तयार झाली, आणि १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज कंपनीच्या जीपची जुळणी सुरू केली. पुढे ती पाटबंधारे खात्याची, मामलेदाराची, निवडणुकीच्या प्रचाराची गाडी झाली. आज तिच्या नव्या भावंडांना गादीच्या खुर्च्या आणि थंड हवेचे यंत्र असते, पण मर्म तेच आहे. चारही चाकांना जोर, आणि जादा पेटीतला खालचा गिअर. तो टाकला की चाकांचा जोर जवळजवळ अडीचपट वाढतो आणि वेग तितकाच घटतो. लोक यातला अर्धाच भाग ऐकतात. जोर वाढला एवढे त्यांना कळते. पण ही गाडी हळू चालण्यासाठी केलेली आहे, हे ध्यानात घेत नाहीत. जी गाडी कुठेही जाऊ शकते, ती कुठेही नेली पाहिजे असा तिच्या मालकाचा समज होतो, आणि सगळा अनर्थ तेथून सुरू होतो.

आता मावळाकडे पाहू. तुम्ही मावळातलेच आहात, तुम्हांला मावळ मी काय सांगणार? पण नदीच्या अंगाने एकदा बघा. पश्चिमेला सह्याद्रीची धार, आणि तिच्यातून बोटांसारखी पूर्वेकडे आलेली खोरी. उत्तरेला अंदर मावळ, तेथे आंद्रा. मधे नाणे मावळ, तेथे कुंडलिका. दक्षिणेला पवन मावळ, तेथे पवना. आणि लोणावळ्याच्या बाजूने निघून सडकेला व रेल्वेला सोबत करीत देहू-आळंदीकडे जाणारी इंद्रायणी. आंद्रा आणि कुंडलिका तिलाच मिळतात. पवना मात्र आपली वाट धरून मुळेला जाते. घाटमाथ्यावर या नद्या कातळातून उड्या मारतात, आणि डोंगर सुटला की त्यांचा वेग मोडतो. वेग मोडला की वाळू-गोटे खाली बसतात, आणि वळणाच्या आतल्या बाजूला एक सपाट, स्वच्छ, मऊ पट्टा तयार होतो. गाडीवाल्याची नजर नेमकी त्याच्यावर जाते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला करंज-उंबराची सावली, वर आभाळ. ना हॉटेल, ना दिवे, ना नळ. असा उघडा मुक्काम ज्याला आवडतो त्याला तो पट्टा म्हणजे स्वर्ग वाटतो.

मला शोधायची विद्या एका निवृत्त सर्व्हेअरने शिकवली. सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी नकाशा असतो. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर. उंचीच्या तपकिरी रेषा वीस-वीस मीटरांनी काढलेल्या असतात. जेथे त्या रेषा निळ्या नदीला चिकटून दाटीने जातात तेथे घळ, तेथे गाडीचे काम नाही. जेथे रेषा नदीपासून दूर होतात आणि तुटक रेघेची गाडीवाट काठापर्यंत येते, तेथे मुक्कामाची शक्यता. हल्ली मोबाइलवर आकाशातून काढलेली चित्रे दिसतात. त्यांचा उपयोग मीही करतो. पण ते चित्र बहुधा उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवसाचे असते, आणि नदी बारा महिने उन्हाळ्यात नसते.

हे मला त्या सर्व्हेअरने सांगितले होते. तरी मी चुकलो. ती हकिगत आता सांगतो. आजच्या व्याख्यानाचा जीव तिच्यातच आहे.

काही वर्षांपूर्वीचा जुलै महिना होता. दोन जीपगाड्या आणि आम्ही नऊ जण नाणे मावळात कुंडलिकेच्या काठी गेलो. जागा मी निवडली. युनियनमध्ये शब्द चालतो म्हणून तेथेही माझाच शब्द चालला. वळणाच्या आतला वाळूचा पट्टा, नदी पन्नास पावलांवर, पाणी घोट्याएवढे. गाड्या उभ्या केल्या, ताडपत्री बांधली, तीन दगडांवर भात ठेवला. पाऊस सकाळीच थांबला होता. डोक्यावर तर चांदणे दिसत होते. इतक्यात गुरे घेऊन परतणारा एक म्हातारा धनगर थांबला. त्याने आमच्याकडे पाहिले, मग वर पाहिले. म्हणाला, "पाव्हणं, गाड्या वर घ्या. न्हाईतर सकाळच्याला तुळापुरात गावतील." आम्ही हसलो. त्याने काठीने उंबराच्या फांदीकडे बोट केले. माझ्या डोक्याच्या हातभर वर, फांदीच्या बेचक्यात वाळलेले गवत, चिंध्या आणि एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. ती तेथे कोणी टांगली नव्हती. नदीने ठेवली होती.

मला कळायला हवे होते, आणि कळलेही. पण भात अर्धा शिजला होता, माणसे दमली होती, आणि खरे सांगायचे तर आठ जणांसमोर "मी चुकलो" म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "जेवू आणि मग हलू." जेवल्यावर एक गाडी वर घेतली. दुसरी, जीपवाल्याची, ओल्या वाळूत बसली. चारही चाके फिरवली तशी ती आणखी खोल गेली. मी म्हणालो, सकाळी काढू.

रात्री दोनच्या सुमारास आवाज आला. पावसाचा नव्हे, आमच्यावर थेंबही पडत नव्हता. दूरवर मालगाडी पुलावरून जावी तसा आवाज, आणि तो थांबेना. पाऊस पडला होता पश्चिमेला, धारेवर. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो, आणि तीसेक किलोमीटर पूर्वेला तळेगावात त्याच्या निम्म्याहून पुष्कळ कमी. म्हणजे ज्या ढगाने नदी भरते, तो ढग तुम्हांला दिसतही नाही. आम्ही माणसे तेवढी वर पळालो. ताडपत्री, भांडी, रॉकेलचा डबा, सगळे गेले. जीप गेली नाही, कारण ती बसलेली होती. पण पाणी तिच्या बॉनेटवरून गेले. उजाडले तेव्हा इंजिनात वाळू आणि सीटवर मेलेला मासा.

माणूस एकही गेला नाही, म्हणून मी येथे उभा राहून हे सांगू शकतो. पण ती जीप हौसेची गाडी नव्हती. जीपवाला तिच्यावर रोज सकाळी दूध वाहत असे आणि दुपारी शाळेची मुले. नोकरी गेलेल्या माणसाचा तो दुसरा कारखाना होता, आणि तो मी बंद पाडला. इंजिन पुरे उघडावे लागले. आम्ही वर्गणी काढली. दोन महिन्यांनी गाडी चालू झाली. त्याने मला शब्दाने दुखावले नाही. पण तो पुन्हा आमच्याबरोबर कधी आला नाही, आणि त्याच्या त्या न येण्याचा अर्थ मला समजतो.

तेव्हापासून मी जागा पाहताना आधी पाण्याकडे पाहत नाही, झाडांकडे पाहतो. फांद्यांत अडकलेला गदळ केवढ्या उंचीवर आहे, झाडे कोणत्या बाजूला वाकली आहेत, मुळांखालची माती कोठे खरवडली आहे. वाळू जितकी स्वच्छ, तितका नदीचा तेथला वावर ताजा, हे समजावे. जेथे गवत जुने आहे, मुंग्यांची वारुळे आहेत, तेथे नदी बरीच वर्षे आलेली नाही. गदळाच्या रेषेपेक्षा दोन पुरुष उंच जागा मिळाली तर मुक्काम करावा. न मिळाली तर सडकेवरच्या देवळात झोपावे. देवळातही झोप छान लागते.

पाण्यातून गाडी न्यायची असेल तर आधी माणसाने काठी घेऊन चालून यावे. पाणी वाहते आणि गुडघ्याच्या वर असेल, तर माणसानेही जाऊ नये आणि गाडीनेही जाऊ नये. दोन फूट वाहते पाणी मोटार उचलू शकते. उतरण्याआधी पलीकडे चढायची जागा नक्की करावी. खालच्या गिअरमध्ये, एकाच चालीने जावे, मधेच क्लच दाबू नये. बाहेर आल्यावर ब्रेक दाबून पाहावेत, कारण ओला ब्रेक धरत नाही. वाळूत जायचे तर टायरची हवा तीस पौंडांवरून वीसपर्यंत उतरवावी, आणि परत भरायचा पंप बरोबर ठेवावा. रुतलेली गाडी दोराने ओढताना दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तुटलेला दोर पाय मोडतो. बाकी गोष्टी हाताने केल्याशिवाय यायच्या नाहीत.

नदीला विचारून झाले. पण नदीखेरीज आणखी कोणाकोणाला विचारायचे असते, हे समजायला मला अधिक वेळ लागला. शहरातून येणाऱ्या माणसाला वाटते की कुंपण नाही म्हणजे जागा मोकळी. मावळात कुंपण नसलेली जागा पुष्कळ आहे, मोकळी मात्र एकही नाही.

एकदा एप्रिलमध्ये काठापर्यंत उतरताना आम्ही एका सुक्या खाचराच्या बांधावरून दोन्ही गाड्या नेल्या. कोरडी जमीन, पीक नाही, कोणाचे नुकसान? सकाळी एक आजी आली. शिवी नाही, आरडाओरडा नाही. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबांनो, ह्यो बांध तुम्हीच दाबला व्हय?" मग तिने समजावले. भाताच्या खाचरात पाणी उभे राहिले पाहिजे. टायराएवढी खाच पडली की पावसाळ्यात पाणी तेथून निसटते, ते खालच्या खाचराचा बांध फोडते, आणि तो त्याच्या खालचा. आपण ज्या इंद्रायणी तांदळाचे इतके कौतुक करतो, तो वडगावच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला तांदूळ या बांधांच्या आधारावर उभा असतो. आम्ही त्या दिवशी दुपारपर्यंत दगड-माती वाहिली आणि आजी काठावर बसून चुका काढीत होती. "आडवा नको, उभा दगड घाल!" माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत इतका कडक इन्स्पेक्टर मला भेटला नव्हता.

राजमाचीचेही तसेच. लोणावळ्याहून पायथ्याच्या उधेवाडीला जाणारी पंधरा-सोळा किलोमीटरांची रानवाट गाडीवाल्यांना फार प्रिय. खडबडीत असल्यामुळेच प्रिय! पण भर पावसात वीस गाड्या एकामागोमाग गेल्या की चाकोऱ्या मांडीएवढ्या होतात. आपण रविवारी संध्याकाळी घरी जातो. सोमवारी तेथल्या एखाद्या बाळंतिणीला त्याच वाटेने लोणावळ्याला आणायचे असते.

आणि धरणांचे काठ. वळवण, शिरोटा, ठोकरवाडी ही टाटांची तळी. त्यांचे पाणी पूर्वेकडे जायचे ते डोंगर फोडून पश्चिमेला नेले आणि खोपोलीला १९१५ साली, भिवपुरीला १९२२ साली वीज केली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. गिरणी कामगारांच्या चळवळीचा मी वारस; तेव्हा त्या विजेचे ऋण मला नाकारता येत नाही. पण शेजारच्या मुळशीत १९२१ पासून सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो याच कारणासाठी की प्रकाश एकाच्या घरी आणि पाणी दुसऱ्याच्या घरात. उन्हाळ्यात तळे उतरले की काठाचा सपाट गाळ उघडा पडतो, आणि गाडी तेथे आरामात उतरते. त्या गाळाखाली कोणाच्या तरी ओट्याचे दगड असू शकतात. पवनेच्या काठी आज तंबूंच्या रांगा लागलेल्या आहेत. त्यांतले काही तंबू धरणात जमीन गेलेल्यांच्या मुलांचे आहेत. आवाज फार करतात, कचरा होतो, हे खरे. पण जमिनीच्या मोबदल्यासाठी ज्यांच्या घरात दोन पिढ्या हेलपाटे झाले, त्यांनी पाहुण्याला तंबू भाड्याने दिला तर मी त्यांच्यावर बोट उगारणार नाही. याच पवनेच्या पाण्यासाठी, बंद जलवाहिनीच्या विरोधात, ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले आणि गोळीबारात तीन जण ठार झाले. त्या दिवशी आमच्या पाळीत मावळातली पुष्कळ पोरे होती. जेवणाच्या सुट्टीत डबा कोणी उघडला नाही. ज्या नळासाठी ती वाहिनी होती, तो नळ आमच्याच चाळीत होता. मी ही गाठ अजून सोडवू शकलेलो नाही.

म्हणून आमचा रिवाज असा झाला. आधी गावात जायचे, चहा घ्यायचा, पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला विचारायचे: जागा कोणाची? सातबारा आता मोबाइलवरही निघतो, पण चहाच्या दुकानातला सातबारा अधिक ताजा असतो. खासगी असेल तर मालकाला विचारावे आणि पैसे द्यावेत. उपकार मागू नयेत, भाडे द्यावे. गायरान असेल तर गुरांची पाणवठ्याची वाट सोडून उभे राहावे. राखीव जंगल असेल तर परवानगीवाचून शिरूच नये. १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे तेथे विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर सुक्या गवतात तो गुन्हा कायद्याने सांगण्याची गरजही नाही. गाडी नदीत उभी करून धुऊ नये. तिच्या पोटाला वंगण असते, आणि खालच्या अंगाला कोणाचा तरी हंडा भरत असतो.

आता कोणी म्हणेल, एवढे सोपस्कार करण्यापेक्षा बंदीच का घालू नये? ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळून चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार. प्रत्येक वेळी हुकूम निघाले, दोर बांधले गेले, पोलीस उभे राहिले. हुकूम हवेत, पोलिसांचा मान राखलाच पाहिजे. बंदी असेल त्या जागी मी माझ्या माणसांना नेत नाही. परंतु सहा दिवस यंत्रापुढे उभा राहणारा माणूस सातव्या दिवशी पाण्याकडे धावणारच, त्याला कोणत्याही कलमाने अडवता येणार नाही. त्याला फांदीतला गदळ वाचता आला पाहिजे. कारखान्यात आम्ही सुरक्षिततेचे वर्ग मागून घेतले. प्रेसमध्ये बोटे जात होती म्हणून मागितले, मालकाने आपण होऊन दिले नाहीत. तसे वर्ग नदीचे का असू नयेत, आणि ते शिकवायला त्या म्हाताऱ्या धनगरासारखी माणसे मानधन देऊन का बोलावू नयेत? तसा ठराव मी आमच्या युनियनपुढे ठेवला आहे. दोन वेळा तो तहकूब झाला. या महिन्याच्या सभेत पुन्हा येईल.

तो धनगर मला पुढे एकदाच भेटला, कामशेतच्या बाजारात. मी ओळख दिली. त्याने मला ओळखले नाही, पण गाडीची हकिगत सांगितल्यावर म्हणाला, "वाचली व्हय?" आणि बैलाचा भाव विचारायला पुढे गेला.

आज वैशाख आहे. दीड महिन्यात पाऊस येईल. त्याआधी, पुढच्या गुरुवारी, आम्ही सहा जण त्याच कुंडलिकेच्या काठी जाणार आहोत. गदळाची रेषा कोठे कोठे आहे ते झाडांवर चुन्याने मारून ठेवायचे आहे, म्हणजे नवख्या माणसाला खालून दिसेल. ग्रामपंचायतीची हरकत नाही, विचारून झाले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी सातला कामशेत स्टेशनबाहेर यावे. गाडी नसली तरी चालेल. चुन्याची एक बादली मात्र कमी पडते आहे.